टायगर लंगडतोय, आणि घरात चर्चा मात्र शेजाऱ्याची

पत्र थोडक्यात: खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातनं एका ताईंनी लिहिलंय, नाव-गाव काढून टाकलंय. घरात सासू-सासरे, नवरा, दोन शाळकरी मुलं आणि टायगर. टायगर पाच वर्षांचा, लॅब्रॅडॉर आणि गावठीचा क्रॉस, अंगानं चांगलाच भरलेला. चार दिवसांमागं संध्याकाळी उसाच्या फडाकडनं परत आला तो उजवा मागचा पाय उचलूनच. जखम नाही, रक्त नाही. खातोय, शेपटी हलवतोय, ओरडत नाही. उभा राहिला की त्या पायाची फक्त बोटं टेकवतो आणि बसताना तो पाय बाजूला सोडून बसतो. नवरा म्हणतोय आपोआप बरं होतंय. पुण्याच्या दिरानं व्हॉट्सॲपवर सांगितलंय अर्धी कॉम्बिफ्लाम द्या. सासरे म्हणतात हाड बसवणाऱ्याकडे न्या. आणि सासूबाईंची खात्रीच आहे की बांधावरनं ज्यांच्याशी वाद चाललाय त्या शेजाऱ्यानं दगड घातला, तसं त्या चार बायकांत बोलूनही आल्यात. ताई विचारतात, गोळी देऊ काय, अजून थांबू काय, शेजाऱ्याला जाब विचारू काय? शेवटी असंही लिहिलंय की सरकारी दवाखाना गुरांचा आहे, बेळगावला नेलं तर हजारोंत जाणार, आणि मला कन्नड धड बोलता येत नाही.

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र परत परत वाचलं. त्यात बांध आहे, मोजणी आहे, सासूबाई काय बोलल्या आणि त्यावर शेजारीण काय बोलली तेही आहे, पण टायगरचा पंजा कुणी हातात धरून, मोबाईलची बॅटरी मारून, बोटांच्या मधे बघितला काय याबद्दल एक अक्षर नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच बघा. राग मानू नका, बहुतेक घरांत असंच होतंय. कुणी मारलं याचा निकाल पहिल्या तासात लागतो आणि कुठं दुखतंय हे चौथ्या दिवशीही कुणाला माहीत नसतंय.

तुमच्या तीन प्रश्नांची उत्तरं आधी देऊन टाकते. गोळी नको. थांबायचं नाही, थांबायचे दिवस तुम्ही आधीच वापरून झालेत. शेजाऱ्याकडे इतक्यात जायचं नाही. मी काही डॉक्टर नाही, असल्या पत्रांना उत्तर देताना जाणकारांना विचारूनच लिहिते, तेव्हा पुढचं सगळं दवाखान्यात जाईपर्यंतचं आहे असं समजा, दवाखान्याच्या ऐवजी नाही.

आता "खातोय, ओरडत नाही, म्हणजे फार दुखत नसेल" हे जे तुम्ही दोनदा लिहिलंय त्यावर बोलूया, कारण सगळा घोळ इथंच आहे. कुत्रं दुखलं की ओरडतंच असं नाही. अचानक काटा घुसला, पायावर पाय पडला तर केकाटतंय, पण दिवसरात्र ठणकणारं दुखणं ते मुकाट्यानं सहन करतंय. पाय मोडलेलं कुत्रंही भाकरीचा वास आला की उठून येतंय आणि मालक दिसला की शेपटी हलवतंय, त्यात दुखणं कमी असल्याचा पुरावा काही नाही. दुखतंय हे कसं ओळखायचं, तर एकाच जागी सारखं चाटत बसणं, ऊन नसताना धापा टाकणं, नीट आडवं न होता सारखी कूस बदलणं, एरवी पायरी चढणारं तिथंच थबकणं, कोपऱ्यात जाऊन पडणं, नेहमी अंगाशी येणारं पोरांनी हात लावला की गुरगुरणं. आणि सगळ्यात मोठी खूण तर तुमच्या डोळ्यासमोर आहे की ओ, चार पायांचं जनावर तीन पायांवर चालतंय! लंगडणं हा काही रोग नाही, कुठंतरी दुखतंय किंवा काहीतरी तुटलंय-निखळलंय याची ती खूण आहे, आणि ते कुठं हे शोधल्याशिवाय औषधाचं नावच काढायचं नाही.

म्हणून दिरांची गोळी नको. कॉम्बिफ्लाममधे आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल दोन्ही असतंय. आयबुप्रोफेननं कुत्र्याच्या पोटात अल्सर होतात, आतून रक्त जातंय, किडनी बसते, आणि माणसाला जो डोस किरकोळ वाटतो तो त्याला भारी पडू शकतो कारण त्याचं शरीर ते औषध आपल्यासारखं बाहेर टाकत नाही. डायक्लोफिनॅकचंही तेच, व्होव्हेरान वगैरे नावानं जे आपल्या घरात असतंय ते. जाता जाता सांगते, गुरांना डायक्लोफिनॅक द्यायला आपल्याकडे २००६ पासून बंदी आहे, मेलेली गुरं खाऊन गिधाडं मरायला लागली म्हणून. नुसतं पॅरासिटामॉलही जास्त झालं तर कुत्र्याच्या लिव्हरवर जातंय, आणि मांजराला तर एक गोळीसुद्धा जीव घेणारी ठरू शकते, घरात मांजर असेल तर हे पक्कं लक्षात ठेवा. कुत्र्यांसाठी दुखण्याची वेगळी औषधं आहेत, ती वजन करून, पोट-किडनी बघून डॉक्टर देतात. तुम्ही आधीच काही दिलं असेल तर डॉक्टरांना न लाजता सांगा, कारण एक दुखण्याची गोळी पोटात असताना त्यावर दुसरी पडली की त्रास वाढतो. दिरांना सांगा, काळजी पोचली, गोळी राहू दे.

तसंच आयोडेक्स, झंडू, असलं काही चोळू नका. ते कुत्रं चाटणार म्हणजे चाटणारच, आणि त्यातला तो उग्र वासाचा मिथाइल सॅलिसिलेट पोटात गेला तर विषच आहे. चुना-हळदीचा लेप पण नको, कातडी भाजते आणि खालचं काही दिसत नाही. गरम शेक पण सुरुवातीला नको, सूज वाढते. पहिल्या एक-दोन दिवसांत शेकायचंच तर बर्फ फडक्यात गुंडाळून दहा मिनिटं, दिवसातनं तीन-चार वेळा. टायगरला आता चार दिवस झालेत, त्याचा फार उपयोग नाही, दुसऱ्या कुणाला होईल.

आता पाय बघायचं. दवाखान्यात जायच्या आधी आज संध्याकाळी हे करा. दोन माणसं लागतात, एकानं डोकं धरायचं आणि गोड बोलायचं, दुसऱ्यानं बघायचं. टायगर कितीही गरीब असू दे, दुखऱ्या जागी हात लागला की तो चावू शकतो, त्यात त्याचा दोष नाही, तेव्हा मऊ ओढणीचा पट्टा तोंडाभोवती निसटणार नाही पण श्वासही अडणार नाही इतपत गुंडाळून मानेमागं गाठ मारा. उलट्या होत असतील किंवा श्वास नीट लागत नसेल तर मात्र तोंड बांधायचं नाही. आधी चांगला पाय बघायचा, मग दुखरा, म्हणजे फरक कळतो. खालनं वर जायचं. पंजा कोमट पाण्यानं धुवा, कारण आपल्याकडच्या लाल मातीचा चिखल बोटांमधल्या केसांत वाळून असा घट्ट बसतो की आत काटा आहे का चिखलच टोचतोय हे कळतच नाही. मग बोटं एकेक फाकवून बघा. सराटा अडकलेला असतो, बाभळीच्या काट्याचं टोक गादीत मोडून आत राहिलेलं असतंय आणि वर फक्त काळा ठिपका दिसतो, पावसाळा संपल्यावर गवताचं कुसळ कातडीतनं आत शिरून पुढं पुढं सरकतंय आणि बोटांमधे पाणचट फोड येतो. ऊसतोड झालेल्या फडात धसकटं अशी तिरकी कापलेली असतात की गादी सरळ चिरते, आणि ती चीर पाय टेकल्यावर मिटते म्हणून दिसत नाही, बोटानं गादी फाकवल्यावरच दिसते. नख मुळापासनं तुटलेलं आहे काय, आतल्या बाजूच्या अंगठ्याचं नख गोल वळून मांसात घुसलंय काय तेही बघा. गोचीड तर हमखास बोटांच्या बेचक्यात बसते.

वरवरचा काटा दिसला तर स्वच्छ चिमट्यानं सरळ ओढून काढा, जखम मिठाच्या कोमट पाण्यानं धुवा आणि चाटू देऊ नका. खोल गेला असेल तर सुईनं उकरत बसू नका, अर्धा मोडून आत राहिला की पू होतोय. पंज्यात काही नसेल तर हलक्या हातानं वर चढा, घोटा, पोटरी, गुडघा, मांडी, खुबा. कुठं गरम लागतंय, कुठं सूज आहे, कुठं हात गेला की तो मान वळवतो किंवा अंग आखडतो, तेवढं लक्षात ठेवा आणि तिथंच थांबा. पाय ओढून, पिळून, "कट्ट वाजतंय काय" बघायचं नाही.

दुसरं काम म्हणजे व्हिडिओ. हे फार कामाचं आहे आणि कुणी करत नाही. कुत्रं दवाखान्यात गेलं की भीतीनं कान पाडून चारी पायांवर असं चालतंय की डॉक्टर तुमच्याकडेच बघायला लागतात. म्हणून घरी, सपाट जागी, पट्ट्यानं हळू चालवत एकदा बाजूनं आणि एकदा मागनं व्हिडिओ काढा. सकाळी झोपेतनं उठल्या उठल्याचा एक असला तर उत्तम. बसतानाचा पण काढा, तो पाय बाजूला टाकतो म्हणताय ना, ते दिसलं पाहिजे. इतर वाचकांसाठी: पुढच्या पायाचं लंगडणं कुठल्या बाजूचं ते कळत नसेल तर डोक्याकडे बघा, दुखरा पाय टेकताना कुत्रं डोकं वर उचलतंय आणि चांगल्या पायावर डोकं खाली जातंय. मागच्या पायात कमरेची एक बाजू जास्त वर-खाली होते. आणि ताई, हातात व्हिडिओ असला की तुमचा कन्नडचा प्रश्नही निम्मा सुटतो. डॉक्टर कुठलीही भाषा बोलोत, लंगडणं सगळ्यांना सारखंच दिसतंय. आपल्या भागात बहुतेकांना दोन्ही भाषा थोड्या थोड्या येतात, अडलंच तर तुमची शाळेत कन्नड शिकणारी मुलगी आहे की, तिला बरोबर घ्या. औषधाच्या चिठ्ठीवर किती गोळ्या, किती वेळा, जेवणाआधी की नंतर हे तिथंच विचारून मराठीत लिहून घ्या, घरी येऊन अंदाजानं नको.

आता तुमच्या पत्रातली ती एक ओळ. उभा राहिला की फक्त बोटं टेकवतो आणि बसताना पाय बाजूला सोडतो, वजन जास्त, जात लॅबची, जखम नाही, पळून आल्यावर अचानक. हे वाचून मला गुडघ्याच्या लिगामेंटचा संशय येतो. क्रूशिएट लिगामेंट म्हणतात, कबड्डी-फुटबॉल खेळणाऱ्यांचं जातंय तेच. फरक एवढाच की माणसाचं बहुतेक वेळा एका झटक्यात तुटतंय, आणि कुत्र्याचं हळूहळू झिजत आलेलं असतंय, मग एक दिवस साधं वळण घेताना, चर ओलांडताना, मांजरामागं धावताना तटकन जातंय. म्हणजे दगड, काठी, गाडी, यातलं काहीही न होता कुत्रं अचानक लंगडू शकतंय. सासूबाईंना हे सांगून बघा, पटेल असं नाही, पण सांगा. हे निदान मी केलेलं नाही, ते डॉक्टर गुडघा हातात घेऊन, खालचं हाड पुढं सरकतंय काय बघून करतात, कधी थोडी गुंगी देऊन. एक्स-रेत लिगामेंट दिसत नाही, पण सांध्यातली सूज, झीज कळते आणि हाड मोडलेलं नाही, खुबा निखळलेला नाही एवढं तरी नक्की होतंय.

त्यामुळं नवऱ्याचं "आपोआप बरं होतंय" हे अगदीच चूक नाही, अर्धं बरोबर आहे. पाय टेकत असेल, थोडंच लंगडत असेल, खातंपितं असेल, सूज-जखम नसेल तर एक-दोन दिवस सक्त विश्रांती देऊन बघायला हरकत नसते, मुरगळलेलं तेवढ्यात उतरायला लागतंय. पण विश्रांती म्हणजे काय? तुम्हीच लिहिलंय की तो रोज सकाळी मालकांच्या मागनं फडात जातोय आणि कामगारांच्या डब्यापाशी बसतोय! ती विश्रांती नव्हे. सोप्यात बांधून ठेवायचं, लघवी-परसाकडेला पट्ट्यानं नेऊन आणायचं, पायऱ्या नाहीत, उड्या नाहीत, दुसऱ्या कुत्र्याशी मस्ती नाही. गुळगुळीत फरशीवर पाय सरकतात, तिथं पोती अंथरायची. दोन दिवसांत फरक नाही पडला तर दवाखाना, आणि तुमचे चार झालेत.

दोन दिवसही थांबायचं नाही, लगेच न्यायचं, असं कधी? पाय अजिबातच टेकत नसेल, लोंबकळत किंवा वाकडा दिसत असेल, हाड बाहेर आलं असेल, फडकं दाबून पाच-दहा मिनिटांत रक्त थांबत नसेल, पंजा गार पडला असेल, मागचे दोन्ही पाय ओढत चालत असेल. गाडीची धडक बसली असेल तर पाय राहू दे बाजूला, हिरड्या पांढऱ्या पडल्यात काय, श्वास कसा चाललाय, लघवी होतेय काय हे आधी, कारण जीव त्या पायात नाही, छाती-पोटात आहे. अशाला घोंगड्यावर किंवा फळीवर सरकवून उचलायचं, काखेत हात घालून लटकवत नाही. उसाच्या, भाताच्या रानातनं आलं आणि बघता बघता पाय टम्म फुगला, दोन टोचल्याच्या खुणा दिसल्या, लाळ-रक्त यायला लागलं तर साप समजा. घोणस, फुरसं आपल्या भागात आहे. कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही, चालवायचंही नाही, उचलून जिथं सापाच्या विषावरचं औषध आहे तिथं न्यायचं, फोन आधी करून. आणि दुसऱ्या कुत्र्यानं चावून पाय जखमी झाला असेल तर जखम साबण-पाण्यानं १५ मिनिटं धुवा आणि रेबीजचं इंजेक्शन घेतलेलं असलं तरी डॉक्टरांना विचारून पुन्हा घ्या. धुताना तुमच्या हाताला चीर असेल तर तुमचंही तेच, साबण-पाणी आणि सरकारी दवाखाना. लसच नसलेलं कुत्रं पाय लुळा पडून, आवाज बदलून, जबडा लोंबत, लाळ गाळत असेल तर त्याच्या तोंडाजवळ घरचं कुणीही जायचं नाही.

सासऱ्यांच्या हाड बसवणाऱ्याबद्दल. माणसांत त्यांच्याबद्दल श्रद्धा आहे, मी त्यात पडत नाही. पण कुत्र्याचं हाड मोडलंय, खुबा निखळलाय, की लिगामेंट गेलंय हे डॉक्टरांच्या तपासणीशिवाय आणि एक्स-रेशिवाय नुसतं बाहेरनं ओढून ठरत नाही. निखळलेला खुबाही भूल देऊनच बसवतात, आणि जितका उशीर तितकं अवघड होतंय. बांबूच्या कामट्या लावून आवळून बांधलेला पाय तर मला सगळ्यात जास्त घाबरवतो. सूज चढते, रक्त अडतं, खालची बोटं गार पडून काळी होतात, आणि मोडलेलं हाड बाजूलाच राहून पाय कापायची वेळ येते. सासऱ्यांचा मान ठेवायचा असेल तर त्यांनाच दवाखान्यात घेऊन जा. गाडीत टायगरचं डोकं मांडीवर घ्यायला कुणीतरी लागणारच आहे.

दवाखाना गुरांचा आहे म्हणताय, पण तालुक्याच्या सरकारी पशु दवाखान्यात कुत्रीही बघतात, रेबीजची लस घ्यायला लोक नेतातच की. गर्दी गुरांची असते, सकाळी लवकर जा. एक्स-रे तिथं असेलच असं नाही, मग बेळगाव. जायच्या आधी फोन करून एक्स-रे आहे काय, तो काढणारे आज आहेत काय एवढं विचारलं की फेरी वाचते. १९६२ हा पशुसेवेचा टोल फ्री नंबर आहे, मुख्यतः गुरांसाठी, पण तुमच्या भागात काय सोय आहे ते विचारायला पैसे पडत नाहीत. टायगरला मोटारसायकलवर मधे बसवून नेऊ नका. ओम्नी, छोटा हत्ती, जे मिळेल ते, खाली जाड अंथरून. सकाळचं खाणं देऊ नका, गुंगी द्यायची झाली तर रिकामं पोट लागतंय, पाणी चालेल.

खर्चाची भीती खरी आहे, खोटं कशाला सांगू. लिगामेंटचं ऑपरेशन निघालं तर स्वस्त नसतंय, आणि चांगलं करणारे बेळगावात नसतील तर हुबळी-धारवाड नाहीतर कोल्हापूर-पुणे बघावं लागेल. पण तुमची भीती तपासणीच्या आधीच ऑपरेशनच्या बिलापाशी जाऊन बसलीय. आधी तपासणी, एक्स-रे, आठवड्याचं औषध एवढाच खर्च आहे. कदाचित गादीत काटाच निघेल. लिगामेंट निघालं तर डॉक्टरांना सरळ विचारा, ऑपरेशन केलं तर काय, नाही केलं तर काय, आणि किती दिवसांत ठरवायला पाहिजे. बारकी कुत्री सक्त विश्रांती आणि औषधावर बऱ्यापैकी सावरतात, टायगरएवढ्या वजनदार कुत्र्याला ऑपरेशनचा फायदा जास्त. ऑपरेशन परवडत नाही म्हणजे काहीच करता येत नाही असं नव्हे, वजन उतरवणं, दुखण्याचं औषध, बेतानं चालवणं यावरही पुष्कळ कुत्री जगतात, सांधा मात्र पुढं संधिवातानं आखडतो. परवडत नाही हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा, त्यात कमीपणा नाही, त्यावरच ते पुढचं ठरवतात. आणि काहीही ठरलं तरी वजन कमी करायचंच, कारण एका गुडघ्याचं लिगामेंट गेलेल्या कुत्र्यांत निम्म्याच्या आसपास जणांचं पुढं दुसऱ्या पायाचंही जातंय. बरगड्यांवरनं हात फिरवला की बरगड्या बोटांना लागल्या पाहिजेत. टायगरच्या लागतात काय बघा. सासऱ्यांच्या चहातली बिस्किटं, कामगारांच्या डब्यातली भाकरी आणि सणाला ताट चाटायला मिळणारा कुंदा हे आधी बंद, मग त्याच्या जेवणाला हात घाला.

इतर वाचकांनी विचारलेलं थोडक्यात. पॉमेरेनियनसारखं बारकं कुत्रं चालता चालता दोन पावलं पाय उचलून परत नीट चालत असेल तर गुडघ्याची वाटी सरकत असते, घाई नाही पण दाखवा. मोठ्या जातीचं सहा महिने ते दीड वर्षाचं पिल्लू आज या पायानं, पुढच्या आठवड्यात त्या पायानं लंगडत असेल तर वाढत्या हाडांचं दुखणं असू शकतंय, ते बहुतेक आपलं आपण जातंय. पण नुसतं दूध-भात खाऊन पाय वाकत असतील तर ते वेगळं, आणि त्यावर मेडिकलमधनं कॅल्शियमची बाटली आणून ओतणं हे मोठ्या जातीच्या पिल्लाला उलटं नुकसानीचं. मोठ्या कुत्र्यात पाय बदलत लंगडणं, ताप, खाणं तुटणं, नाकातनं रक्त हे गोचीड तापाचं असू शकतंय, रक्त तपासा. ताप हात लावून किंवा नाक कोरडं आहे म्हणून ठरवू नका, कुत्र्याचं अंग आपल्यापेक्षा गरमच असतंय, नॉर्मलच १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. म्हाताऱ्या मोठ्या कुत्र्याच्या पायावर टणक सूज येऊन लंगडणं वाढत चाललं असेल तर संधिवात म्हणून महिनोन् महिने घालवू नका, हाडाचा कॅन्सर असाही दिसतो.

राहिला शेजारी. त्यानं मारलंच नसेल असं मी म्हणत नाही, मला काय माहीत. पण तुम्हालाही माहीत नाही, आणि सासूबाईंनाही नाही. दगड बसला असता तर साधारण त्या जागी खरचटणं, सूज, केस गेलेले, दाबल्यावर दुखणं असं काहीतरी सापडलं असतं, म्हणून आधी पाय बघा म्हटलं. डॉक्टरांना विचारा, हे मारल्याचं दिसतंय की आतलं? ते "आतलं" म्हणाले तर सासूबाई जे चार बायकांत बोलल्यात ते त्यांनाच निस्तरावं लागेल, आणि ते काम तुम्ही सुनेनं अंगावर घेऊ नका, नवऱ्याला सांगा. मार लागलेला दिसला तरी पहिल्यांदा आरोपी म्हणून नाही, साक्षीदार म्हणून विचारा, "आमचा टायगर तुमच्या बाजूला आला होता काय ओ परवा, काय झालं कुणी बघितलंय काय?" त्यातनं खरं बाहेर यायची शक्यता जास्त. आणि टायगर त्यांच्या रानात जाऊन कोंबड्यांच्या मागं लागत असेल तर त्यांचंही एक म्हणणं असणार, ते ऐकायची तयारी ठेवा. मुद्दाम पाय मोडल्याचं पक्कं झालं तर कायदा आहे. प्राण्यांवरच्या क्रूरतेच्या १९६० च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये, वाचून हसायला येतंय, पण भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली जनावराला जायबंदी करण्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. त्याला डॉक्टरांचा लेखी दाखला आणि एक्स-रे लागतो, बायकांतलं बोलणं चालत नाही. म्हणजे त्या वाटेनं जायचं म्हटलं तरी आधी दवाखानाच.

मुलांना एक काम द्या. एक वही करायची, रोज सकाळ-संध्याकाळ टायगरनं पाय किती टेकला, किती चालला, औषध किती वाजता दिलं, काय खाल्लं ते लिहायचं. परत दाखवायला न्याल तेव्हा डॉक्टरांना ती वही फार उपयोगी पडते. आजोबांनी चोरून दिलेली बिस्किटं पण त्यात लिहायची, तेवढं मुलांना बजावून सांगा.